क्लच जड झालाय? ऑईल ओतण्याआधी वायर सोडवून बघा

पाऊस उघडला की गॅरेजवर क्लच जड, ब्रेक कडक अशा गाड्यांची रांग लागते, आणि यावेळी प्रश्नही बहुतेक त्याचेच आलेत, म्हणून बाकीचे मागे ठेवून फक्त लिव्हरचेच घेतोय.

प्रश्न: माझी स्प्लेंडर सात वर्षांची. रोज चिपळूण ते खेर्डी एमआयडीसी जाणं-येणं. पावसाळ्यानंतर क्लच एवढा जड झालाय की दोन बोटांनी ओढतच नाही. लिव्हरच्या फटीत ऑईल सोडतो, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. काय करू?

भाऊ, फटीत सोडलेलं ऑईल वायरीत जातच नाही, ते लिव्हरच्या बोल्टापाशी राहतं आणि वर धूळ ओढून घेतं. आधी जड नक्की काय झालंय ते शोधा, कारण क्लचच्या रस्त्यात तीन जागा आहेत: वरचा लिव्हर, मधली वायर आणि खाली इंजिनवरचा छोटा आर्म. तिन्ही वेगळे करून एकेक हाताने हलवून बघायचं, एवढंच.

लिव्हरजवळ जो गोल ॲडजस्टर आहे तो पूर्ण आत फिरवा, त्याची खाच आणि लिव्हरच्या ब्रॅकेटची खाच एका रेषेत आणा, वायर त्यातून बाहेर निघते. आता लिव्हर नुसता हलवा. तो मोकळा हलला नाही तर दोष तिथेच, बोल्ट काढा, रॉकेलने गंज आणि जुनं काळं ग्रीस धुवा, नवीन ग्रीसचा पातळ हात मारून बसवा. बसवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात, बोल्ट दाबून आवळतात आणि लिव्हर ब्रॅकेटमधे चिमटला जातो. बोल्ट इतकाच आवळायचा की लिव्हर मोकळा फिरेल पण वरखाली खडखडणार नाही, मग बोल्ट धरून ठेवून खालचा नट कसायचा.

लिव्हर मोकळा असेल तर वायरीचं खालचं टोकही सोडवा आणि आतली तार हाताने पुढेमागे ओढा. कुठे अडकतेय, करकरतेय असं वाटलं, किंवा टोकापाशी एखादा जरी तारेचा धागा तुटून उभा राहिलेला दिसला, तर ऑईलच्या नादाला लागू नका, वायर बदला. ती घाटात तुटली तर क्लचच राहत नाही. तार अखंड असेल तर दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वायरीच्या वरच्या तोंडाला रबरबँडने घट्ट बांधा, त्यात चमचाभर इंजिन ऑईल ओता आणि वायर रात्रभर खिळ्याला उभी टांगून ठेवा, खाली वाटी. सकाळी वाटीत आधी तांबडं गंजाचं पाणी आणि मग ऑईल दिसेल, स्वच्छ ऑईल येईपर्यंत ओतत राहा. कोकणात हे वर्षातून एकदा पावसाच्या आधी आणि एकदा नंतर करायलाच हवं, दमट आणि खारी हवा वायरीला फार लवकर खाते. लिव्हरजवळचं रबराचं बूट फाटलं असेल तर तेही बदला, पाणी तिथूनच आत शिरतं.

शेवटी जोडताना लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलीमीटर मोकळी चाल ठेवा, म्हणजे वायर ताणली जाण्याआधी लिव्हर तेवढा सैल हलला पाहिजे. जड लागतो म्हणून लोक ती ताणून शून्य करतात, मग क्लच अर्धवट दाबलेला राहून घसरतो आणि क्लचच्या आतल्या प्लेटा जळतात.

प्रश्न: पुण्यात पल्सर चालवतो. स्टाईलसाठी बाजारातून नवीन छोटे लिव्हर लावले, तेव्हापासून पुढचा डिस्क ब्रेक कडक लागतो, आणि तासभर ट्रॅफिकमधे फिरलं की गाडी ढकलताना पुढचं चाक जाम वाटतं.

ही गाडी आजपासून चालवू नका, आधी जुना लिव्हर परत लावा. मी हे नुसतं घाबरवायला लिहीत नाही, पुढचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं.

काय होतं सांगतो. हँडलवर ब्रेक लिव्हर ज्याचा पिस्टन दाबतो त्या मास्टर सिलिंडरमधे एक बारीक भोक असतं, लिव्हर सोडला की त्यातून ब्रेक ऑईल वरच्या छोट्या टाकीत परत जातं. बाहेरच्या लिव्हरचं नाक, म्हणजे पिस्टनला टेकणारं टोक, मिलीमीटरभर जरी जास्त लांब असलं तरी पिस्टन सतत थोडा दाबलेला राहतो आणि ते भोक बंद. मग ब्रेक तापतो, आतलं ऑईल फुगतं, त्याला परतीची वाट नाही, म्हणून ते पॅड आणखी दाबतं, ब्रेक आणखी तापतो, असं वाढतच जातं.

खात्री करायची असेल तर चाक जाम असतानाच, पण कॅलिपर (चाकापाशी पॅडनी डिस्क पकडणारा भाग) हात लावण्याइतका निवल्यावर, त्याच्या ब्लीड निपलला, म्हणजे ऑईल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून निपल थोडं ढिलं करा. थोडं ऑईल बाहेर येऊन चाक लगेच सुटलं तर दोष वरचा, लिव्हरचा किंवा मास्टर सिलिंडरचा. तरीही जामच असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्यात किंवा पिस्टन गंजून अडकलाय. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायचं, साधं ग्रीस तिथलं रबर फुगवतं. आणि ब्रेक ऑईल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४, दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ४ कमीत कमी २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ अंशांच्या आसपासच उकळू शकतं. ते पेट्रोल टाकीच्या रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा, रंग उचलतं.

प्रश्न: मी नाशिकची, वडिलांची जुनी बुलेट चालवते. क्लच दाबून दाबून मनगट रात्री ठणकतं. गॅरेजवाले म्हणतात बुलेटचा क्लच असाच असतो. खरंच असं असतं का?

ताई, जुन्या बुलेटचा क्लच जड असतो हे खरं, पण हात ठणकेपर्यंत जड नसतो. वायर नवीन टाकून घ्या आणि टाकताना ती हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर कुठे दुमडते का, दिव्याच्या मागे चेपते का, ते स्वतः उभं राहून बघा. वायरीला जितकी तीव्र वळणं तितकं घर्षण, हा फरक हाताला लगेच कळतो.

दुसरं, ज्याकडे कोणी बघतच नाही, लिव्हरचा कोन. गाडीवर नेहमीसारखं बसा, हात पुढे करा, बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष आली पाहिजे. बहुतेक गाड्यांवर लिव्हर आडवा किंवा वर चढवलेला असतो, त्यामुळे मनगट वाकवूनच दाबावं लागतं. ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून तो खाली फिरवायचा आणि परत कसायचा, दहा मिनिटांचं काम आहे आणि पैसे शून्य. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी जणांचं दुखणं एवढ्यानेच कमी झालंय. आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा.

प्रश्न: नवीन क्लच वायर टाकली तरी जडच. मेकॅनिक आता प्लेटा बदलायला सांगतोय.

थांबा. वायर खालून सोडवून इंजिनवरचा आर्म हलवून बघितलाय का कोणी? सुरुवातीला तो थोडा मोकळा हलतो, मग आतल्या स्प्रिंगा लागतात आणि तिथून पुढे हाताने दाबत नाही, ते बरोबरच आहे. पण तो मोकळा भागच करकरत असेल किंवा सोडल्यावर आर्म मागे येत नसेल, तर त्याचा शाफ्ट गंजलाय. चिखल तिथेच साचतो. ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा, हलवत राहा, मोकळा झाला की थोडं ऑईल द्या, स्प्रे एकटा टिकत नाही. प्लेटा झिजल्या तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, नुसत्या जडपणासाठी प्लेटा बदलू नका. हां, याआधी क्लचचं काम केलंय आणि तेव्हापासून जड आहे असं असेल, तर दुसऱ्या मॉडेलच्या कडक स्प्रिंगा बसल्यात का ते विचारा.

प्रश्न: पुढचा ड्रम ब्रेक दाबला की लिव्हर परत येत नाही, बोटाने ढकलावा लागतो.

वायर वर सांगितल्याप्रमाणे तपासा. ती मोकळी असेल तर ड्रमच्या प्लेटमधला कॅम, म्हणजे फिरून ब्रेक शू बाहेर ढकलणारा तुकडा, सुकलाय. चाक काढून कॅम बाहेर घ्या, पॉलिश पेपरने घासा, ग्रीस अगदी बोटाच्या टोकाइतकं, शूला त्याचा स्पर्शही नको. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, ती छातीत गेलेली वाईट.