विसाव्या मिनिटाला गायचं की नाही?

चि. निहारला आईचे अनेक आशीर्वाद.

मॅचहून परतताना तू विचारलंस आणि मी नुसतं 'गा की' म्हणून मोकळी झाले. तुला ते पटलं नव्हतं, हे नंतरच्या तुझ्या गप्प बसण्यावरून कळलं. तर तुझा प्रश्न असा होता: आजी फोनवर म्हणाली, 'तेराव्यानंतर रडायचं नसतंय बाळा, जाणाऱ्याचा जीव अडकतोय.' आणि इथे ॲनफिल्डवर, लिव्हरपूलच्या मैदानावर, विसावं मिनिट लागलं की अख्खं स्टेडियम अपघातात गेलेल्या आपल्या खेळाडूचं, डिओगो जोटाचं, गाणं म्हणतं, कारण त्याचा नंबर २०. आपल्या पुढच्या रांगेतले ते आजोबा चष्मा काढून डोळे पुसतात. आपण तर मराठी. मग आपण किती दिवस आठवण काढायची? आणि तेव्हा गायचं, की गप्प उभं राहायचं?

वाचताना कुठे अडलास तर बाबाला विचार.

आजी खोटं सांगत नाही. ती अर्धं सांगते, कारण उरलेलं अर्धं तिच्या इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगावं लागतं हेच तिला सुचत नाही. शिवाय जातीजातींत, गावागावांत रीत बदलते. मी आमच्या घरातली सांगते.

तेरा दिवस असतात ते घरच्यांसाठी. सुतक असतं, देवपूजा बंद असते. सुरुवातीला घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणून देतात, बहुतेक पिठलं-भाकरी. लोक भेटायला येतात. अशा घरात 'या, बसा' होत नाही आणि निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. उठायचं आणि चालू लागायचं. आल्यावर बराच वेळ सगळे खाली बघत बसतात. मग कुणीतरी खाकरतं आणि म्हणतं, 'परवाच भेटले होते हो मंडईत.' तिथून सुरू होतं.

तुझे पणजोबा, आमचे आण्णा, गेले तेव्हा मी कॉलेजात होते. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांचा आणि तालमींचा मामला, आणि आण्णा जन्मभर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आपल्या पेठेसाठी ओरडले. भेटायला आलेल्या एकाने सांगितलं की पेनल्टी असली की आण्णा मैदानाकडे पाठ फिरवायचे आणि शेजारच्याच्या दंडाला चिमटा काढून विचारायचे, 'बसला का? बसला का?' दुसरा लगेच म्हणाला, माझ्या दंडावर वळ आहेत अजून. पाचव्या दिवशी आमच्या सोप्यात अशी हसाहशी चालली होती की रस्त्यावरची माणसं थबकून बघत होती. सगळ्यांत मोठ्याने कोण हसत होतं? तुझी आजी. हे ती तुला सांगायची नाही.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. त्याचा अर्थ घरच्यांनी घ्यायचा तो एवढाच की आता दुकान उघडा, पोरांना शाळेत धाडा, कामाला लागा. आठवण काढणं बंद करा, असं त्यात कुठेच नाही. उलट पुढची रांगच लागलेली असते: महिन्याच्या महिन्याला मासिक, मग वर्षश्राद्ध, आणि त्यानंतर दरवर्षी भाद्रपदातला पितृपंधरवडा. त्या पंधरवड्यातल्या तर्पणात फक्त आईवडील आणि आजे-पणजे नसतात. सासरची माणसं येतात, गुरू येतात, मित्रसुद्धा येतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहे. जोटा तुझा कोण लागतो, असं कुणी विचारलं तर एवढं सांग, पुरे.

आणि 'रडू नको' हे मुळात कुणाला सांगतात? जी बाई जेवत नाही, झोपत नाही, भिंतीकडे बघत बसलीय, तिला. जीव अडकतो म्हटलं की ती निदान त्याच्यासाठी तरी दोन घास खाते. पुढच्या रांगेतल्या आजोबांना ते लागू नाही. ते मॅच संपली की मांस भरलेला तो इंग्लिश 'पाय' खायला घेतात, बघितलंयस ना.

दहाव्याचा कावळा तुला आवडेल. नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघत सगळे लांब उभे राहतात. तो लवकर आला नाही तर म्हणतात, गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय. मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि मोठ्याने सांगतो: 'पोरांच्या शिक्षणाचं आम्ही बघतो.' 'म्हातारीला अंतर देणार नाही.' 'बांधाचं भांडण मिटवतो.' कावळ्याला त्यातलं काय कळतं ते सोडून दे. चारचौघांत, असं मोठ्याने दिलेलं वचन नंतर मोडायची सोय राहत नाही, मला वाटतं सगळी गोम तिथे आहे. २०२५च्या डिसेंबरात वुल्व्ह्ज ॲनफिल्डला खेळायला आले, म्हणजे जोटाचा आधीचा क्लब आणि शेवटचा क्लब समोरासमोर, आणि त्याची दोन लहान मुलं खेळाडूंबरोबर मैदानात आली, तेव्हा मला नेमका हा दहावा आठवला. साठ हजार माणसं बघत होती. आता त्या पोरांना अंतर द्यायचं नाही, हे काही न बोलता ठरलं.

अकाली मरणाचं मात्र वेगळं असतं. आण्णा पंच्याऐंशीच्या घरात होते, तिथे पाचव्या दिवशी हसू आलं. ३ जुलै २०२५ला स्पेनमध्ये झामोराजवळ गाडीला अपघात झाला तेव्हा डिओगो २८ वर्षांचा होता आणि बरोबर गेलेला त्याचा धाकटा भाऊ आंद्रे २५ वर्षांचा. २२ जूनला डिओगोचं लग्न झालेलं. एप्रिलमध्ये लिव्हरपूलने विसाव्यांदा लीग जिंकलेली, जूनच्या सुरुवातीला त्याच्या देशाने, पोर्तुगालने, नेशन्स लीग. अशा घरात हसू यायला वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. तोवर बाहेरच्यांनी आठवण धरून ठेवायची असते. म्हणून मला त्या गाण्याचं काही वावगं वाटत नाही.

दोन दिवसांनी पोर्तुगालमध्ये गोंडोमारला अंत्यविधी झाला. त्याचा जिवलग मित्र रुबेन नेव्हेस आदल्या दिवशी अमेरिकेत, ऑरलँडोला, क्लब वर्ल्ड कपची मॅच खेळत होता. ती खेळून तो विमानाने पोर्तुगालला आला आणि शवपेटी वाहून नेणाऱ्यांत उभा राहिला. आपल्याकडच्या रीतीने बोलायचं तर त्याने खांदा दिला. मी हे आजीला सांगितलं तेव्हा मॅचचं काय झालं वगैरे तिने काही विचारलं नाही. 'पोचला का वेळेत? बरं झालं,' एवढंच म्हणाली. आमच्याकडे वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊसुद्धा खांद्याला येतात आणि परत जाऊन पुन्हा अबोला धरतात. आण्णांना पोचवायला पलीकडच्या पेठेतली माणसं आली होती, ज्यांच्या टीमला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या. ॲनफिल्डबाहेरच्या फुलांच्या ढिगात एव्हर्टनचे, याच शहरातल्या प्रतिस्पर्धी क्लबचे, निळे स्कार्फ बघून तुला नवल वाटलं होतं. मला वाटलं नाही.

त्या फुलांचं पुढे काय केलं माहितेय का? खत करून क्लबच्याच बागांमध्ये घातलं. निर्माल्य पायदळी येऊ द्यायचं नाही, हे तिथल्या कुणाला तरी न शिकवता कळलं होतं.

आपल्याकडे नंबर निवृत्त करतात का, असंही तू विचारलं होतंस. लिव्हरपूलने २० नंबर कायमचा बाजूला ठेवला, पुरुषांच्या, महिलांच्या आणि अकादमीच्या संघांतही. मान म्हणून ठीकच आहे. पण माझा जीव पोर्तुगालने केलं त्यात जास्त रमतो: त्यांनी राष्ट्रीय संघातला जोटाचा २१ नंबर नेव्हेसला दिला. मराठी घरांत नाव असंच वापरात ठेवतात, आजोबांचं नाव नातवाला. तुझ्या मामाला आण्णांच्या वडिलांचं नाव ठेवलं आणि मग पंचाईत झाली, कारण आजेसासऱ्यांचं नाव आजी तोंडात कशी घेणार? म्हणून तिने त्याला आजतागायत नावाने हाक मारलेली नाही. पन्नाशीला आला तरी तो 'बाळ्या'च. आठवण अशी रोजच्या वापरात असली की तिला धूळ बसत नाही, आणि थोडी गंमतही होते.

आता गाण्याचं. देहूजवळ आळंदी आहे, तिथे १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, वय २१. त्यांचे मित्र नामदेव तिथे हजर होते. त्या दिवशी काय काय घडलं, भावंडांची, सोबत्यांची अवस्था काय झाली, हे नामदेवांनी अभंगांत सांगून ठेवलंय. एका मित्राने दुसऱ्याची काढलेली आठवण आहे ती. अजूनही कार्तिक वद्य त्रयोदशीला नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज तिथे तो प्रसंग कीर्तनात उभा करतात, समाधीची वेळ झाली की घंटा वाजते, फुलं उधळली जातात आणि बायकापुरुष हमसून हमसून रडतात. सातशे वर्षांहून जास्त काळ लोटला. आजी स्वतः जाऊन आलीय, आणि लाल डोळे घेऊन आलीय. आता तिला फोनवर विचार, तेव्हा कुणाचा जीव अडकला म्हणून. शिव्या दिल्या तर माझं नाव सांगू नकोस.

आपल्या लोकांची एक खोड मात्र उचलू नकोस. शोकसभेत माइक हातात आला की गेलेला माणूस एकदम दिलदार, मनमिळाऊ, अजातशत्रू होतो आणि त्याच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण होते. नाव काढून घेतलं तर कुणाबद्दल चाललंय ते कळू नये. इथली माणसं रांगेत उभ्या उभ्या जोटाबद्दल बोलतात ते कान देऊन ऐक. पठ्ठ्या निम्मा वेळ जखमीच असायचा, असं खुशाल म्हणतात. गोल केल्यावर गवतावर बसून हातात कंट्रोलर असल्यासारखी बोटं चालवायचा, ते करून दाखवतात. गाण्यात त्याला पोर्तुगालच्या जुन्या दिग्गज फिगोपेक्षा भारी म्हटलंय, ते खरं नाही हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तो जरा जास्तच जोर लावून म्हणतो.

आणि टॉटनहॅमची मॅच तर निघतेच. ३० एप्रिल २०२३. पंधरा मिनिटांत तीन गोलांची आघाडी घेऊन आपल्या लोकांनी ती हळूहळू घालवली, ९३व्या मिनिटाला ३-३, सगळे डोकं धरून बसलेले, आणि पुढच्याच मिनिटाला जोटाने चेंडू आत घातला. आपला तेव्हाचा कोच क्लॉप चौथ्या पंचाच्या अंगावर ओरडायला धावला आणि धावता धावता त्याच्या स्वतःच्याच मांडीचा स्नायू दुखावला. हे सांगताना माणसं लंगडून दाखवतात. आण्णांच्या चिमट्याची आठवण याच जातीची. ज्याला असं काहीतरी सांगता येतं तो त्या माणसाला खरंच बघत होता.

तेव्हा गा. शब्द चुकले तरी चालेल, मागचे लोक सांभाळून घेतात. गावंसं वाटलं नाही त्या दिवशी नुसतं उभं राहा, आळंदीलाही सगळे गात नसतात.

राहता राहिला आपला वाद. तू म्हणतोस त्याचा सगळ्यांत भारी गोल २ एप्रिल २०२५चा, एव्हर्टनविरुद्धचा, त्या एकाच गोलवर मॅच जिंकली आणि तो त्याचा शेवटचा ठरला. शेवटचा आहे म्हणून तू त्याला जास्त मार्क देतोयस, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा कौल त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या गोलला. मॅच हातची चाललेली, कॉर्नर मिळालेला, त्सिमिकास आणि जोटा दोघे एकदमच मैदानात उतरले, एकाने कॉर्नर मारला, दुसऱ्याने डोक्याने आत घातला. २२ सेकंद. अंगावरचं जॅकेट उतरवून येतो काय आणि चेंडूला पहिल्यांदा शिवतो तोच गोल! यावर बाबाचं मत घेऊ नकोस. तो तेव्हा चहा ठेवायला उठला होता आणि आजही आपल्याला सांगतो की त्याने बघितला.

तुझी,
आई