वाचकांचे प्रश्न : खगोलशास्त्रज्ञाने उभारलेला घुमट

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात वास्तुरचनेचे शिक्षण घेत आहे. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे सर ख्रिस्तोफर रेन मूळचे खगोलशास्त्रज्ञ होते, असे तिच्याकडून ऐकले. एवढा मोठा घुमट त्यांना कसा साधला? विजापूरचा गोल घुमट आम्ही पाहिला आहे; दोन्हींची बांधणी सारखीच आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलीने सांगितले ते खरे आहे. १६३२ साली जन्मलेले रेन १६५७ मध्ये लंडनच्या ग्रेशम कॉलेजात आणि १६६१ पासून ऑक्सफर्डमध्ये खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते; रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. त्या काळी स्थापत्य हे गणिताचेच एक अंग मानले जाई, त्यामुळे हा बदल आज वाटतो तितका अनपेक्षित नव्हता. ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन थिएटरवर सुमारे ७० फूट रुंदीचे छत मध्ये एकही खांब न देता, केवळ लाकडी कैच्यांच्या (छताचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांच्या) जुळणीवर त्यांनी तोलून धरले, तेव्हाच त्यांची बुद्धी कोणत्या दिशेने चालते हे दिसून आले होते.

१६६६ च्या आगीत लंडनमधील ८७ चर्च आणि जुने सेंट पॉल भस्मसात झाले. नव्या कॅथीड्रलचे काम १६७५ मध्ये सुरू झाले. त्याआधी रेन यांनी आपल्या आवडत्या आराखड्याची ओक लाकडाची भव्य प्रतिकृती करवून घेतली होती. धर्माधिकाऱ्यांनी तो आराखडा नाकारला, पण प्रतिकृती आजही तेथे जपलेली आहे.

आता घुमटाविषयी. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या गोल घुमटात आतून दिसतो तोच घुमट बाहेरूनही दिसतो. सेंट पॉलमध्ये मात्र एकावर एक अशी तीन कवचे आहेत. शहरात दुरून उठून दिसावा म्हणून बाहेरचा घुमट उंच हवा होता; परंतु तेवढीच उंची आतून ठेवली असती, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला तो खोल विहिरीसारखा भासला असता. म्हणून रेन यांनी आतला घुमट विटांचा आणि बेताच्या उंचीचा केला, बाहेरचा लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे चढवून केला, आणि दोहोंच्या मध्ये, कोणालाही न दिसणारा, विटांचा शंकू उभारला. शिखरावरच्या सुमारे ८५० टनांच्या दगडी मनोऱ्याचा भार हा शंकूच पेलतो. त्याचा पाया बाहेर फाकू नये म्हणून लोखंडी साखळीने आवळलेला आहे. माझ्या मते रेन यांची खरी थोरवी या लपलेल्या शंकूत आहे. त्यात त्यांचे मित्र रॉबर्ट हूक यांचाही वाटा मानायला हवा, कारण टांगलेली साखळी उलटी केली की उत्तम कमानीचा आकार मिळतो, हा सिद्धान्त हूक यांचा होता.

काम लांबले म्हणून १६९७ मध्ये संसदेने रेन यांचे निम्मे वेतन रोखून धरले, आणि १७१८ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांना राजवास्तुकाराच्या पदावरून दूर केले. अशा सेवेचा हा मोबदला अन्यायाचाच होता. १७२३ मध्ये ते निवर्तले व सेंट पॉलच्या तळघरात त्यांचे दफन झाले.

आपल्या मुलीने सेंट पॉलकडे वळण्यापूर्वी त्यांच्याच सेंट स्टीफन वॉलब्रुक या लहान चर्चचा छेद (इमारत उभी कापल्यास आतून कशी दिसेल ते दाखवणारे रेखाचित्र) काढून पाहावा. आठ कमानींवर घुमट ठेवण्याचा प्रयोग रेन यांनी तेथे आधी करून पाहिला होता.