शाळेत शिकवत कादंबरी लिहिणाऱ्या नव्या मित्रास

नोकरी सोडायची घाई करू नकोस. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवलं आणि त्यांची पहिली कादंबरी १९३० साली, त्या नोकरीतच आली.

लिखाण सकाळी, शाळेआधी कर. दिवसभर बोलून आणि वह्या तपासून संध्याकाळी शब्दच उरत नाहीत, हे मी फार उशिरा ओळखलं. रोज अर्धं पान पुरे. परीक्षेच्या दिवसांत तेही सोड, फक्त टिपणं ठेव. सुट्टी मात्र पुनर्लेखनासाठी राखून ठेव, कारण सलग दिवस तेवढेच मिळतात.

आणि एक, मला सगळ्यात जिव्हाळ्याचं. वर्गातल्या मुलाचं घरचं दुःख जसंच्या तसं कथेत घालू नकोस. त्याने ते शिक्षकाला सांगितलेलं असतं, लेखकाला नाही.