एका दिवशी एकच बस

प्रश्न : मी ६६ वर्षांची, यजमान ७२. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. कऱ्हाडहून आम्ही गोव्यात मुलीकडे पर्वरीला राहायला आलो आहोत. मुलगी-जावई सकाळी आठला बाहेर पडतात. रविवारी ते गाडीतून फिरवून आणतात, बाकीचे सहा दिवस आम्ही चौथ्या मजल्यावरून रस्ता बघत बसतो. रोज टॅक्सी परवडणार नाही. बसने जातो म्हटलं की मुलगी घाबरते. इथली भाषाही नीटशी कळत नाही. आमचे आम्ही फिरावं का?

उत्तर : ताई, फिरा. मुलीची परवानगी मागत बसू नका, कुठे चाललात ते सांगा आणि निघा. आम्ही दोघं सांगलीहून मुलाकडे पणजीला आलो तेव्हा पहिले चार महिने असेच गॅलरीत काढले. ते चार महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी काहीही बघायला जाऊ नका. फक्त पणजीच्या कदंब, म्हणजे इथल्या सरकारी बसच्या, स्थानकापर्यंत जा, चहा प्या आणि परत या. पर्वरी म्हापसा-पणजी रस्त्यावरच आहे आणि तिथे बसची वाण नाही. पण एक लक्षात ठेवा, परतताना शटलमध्ये बसू नका. शटलचं तिकीट खिडकीवर आधी काढायचं, रांगेत उभं राहायचं आणि मग ती मधे कुठेही न थांबता थेट शेवटच्या स्थानकावर जाते. मी पर्वरीला मैत्रिणीकडे निघाले होते आणि खिडकीतून तिची इमारत मागे जाताना पाहत म्हापशाला पोचले. तुम्हाला थांबे घेणारी बस हवी. चढण्याआधी कंडक्टरला ‘पर्वरी?’ एवढंच विचारायचं.

आता गुडघ्याचं. खासगी बसची पायरी उंच असते आणि कंडक्टर घाई करतो. यजमानांनी आधी दांडा धरावा, मग डावा, न दुखणारा पाय वर ठेवावा. उतरताना उलट, दुखरा पाय आधी खाली. तुम्ही मागे राहा, पुढे चढून त्यांना ओढू नका. मी ओढायची, त्यानं ह्यांचा तोल जायचा. ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात, तिथे कोणी तरुण बसला असेल तर सांगायला संकोच करू नका. इथली मुलं उठतात. कंडक्टर पैसे घ्यायला जागेवर येतो. बोटांच्या बेचक्यांत उभ्या घडी घातलेल्या नोटा, मुठीत चिल्लर. सुटे पैसे हातात काढून ठेवा म्हणजे हेलकाव्यात पर्स उघडावी लागत नाही. तो ‘फाटीं वचात’ म्हणाला तर मागे सरका, ‘फुडें’ म्हणाला तर पुढे. उतरायचं ठिकाण आलं की ‘देंवपाचें आसा’ म्हणा. एवढी कोंकणी पुरते. मराठीत बोललात तरी सगळ्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी फेरीबोट. पणजीच्या बसस्थानकावरून नदीकाठाने सरळ चालत जा. जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशाहाच्या राजवाड्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा लागेल. संमोहनशास्त्रातला हा मोठा माणूस १७५६ साली कांदोळीला जन्मला. तिथे दम खाऊन पुढे, पलीकडच्या काठावरच्या बेतीला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर जा. पायी जाणाऱ्याला या बोटीचं भाडं नाही. बोट सपाट, पुढची फळी धक्क्यावर टेकते, म्हणजे पायरी चढायचीच नाही. स्कूटरवाले आधी सुटू द्या, मग सावकाश आत जा आणि कडेला कठडा धरून उभे राहा. काही मिनिटांत पलीकडे पोचता. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा अशाच बोटींनी माणसं पार केली. त्या दिवसांत रोज कामावर जाणारे एक आजोबा मला याच बोटीत भेटले. डबा डोक्यावर धरून उभं राहायला लागायचं, म्हणाले, इतकी गर्दी. बेतीला उतरलं नाही तरी चालेल, त्याच बोटीने परत या. मी अजूनही महिन्यातून एकदा नुसती ये-जा करते. मधोमध गेल्यावर एकीकडे पणजी, दुसरीकडे बार्देशचे डोंगर, आणि खालून इंजिनाची थरथर पायांत येते. गाडीतून पूल ओलांडताना यातलं काही मिळत नाही.

मग हात बसला की मंगेशी. पणजीहून फोंड्याची बस घ्या, आणि शक्यतो रायबंदरवरून जाणारी. वाटेतला रायबंदरचा बांध सतराव्या शतकातला आहे. जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, मग मंगेशी. १५६० च्या सुमाराला पोर्तुगीजांच्या भीतीने कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, देव इकडे आणला, ती हकीकत वाटेत यजमानांना सांगा, नदी ओलांडताना ती जास्त कळते. रस्त्यावर उतरून देवळापर्यंत थोडं चालावं लागतं. म्हाळसेचं म्हार्दोळ तिथून जवळच आहे, पण त्याच दिवशी करू नका. एका दिवशी एकच बस आणि एकच ठिकाण, हे आमच्या घरी आता ठरलेलं आहे. जुने गोवेही वेगळ्या दिवशी. बॉम जेझूचं चर्च पाहून झाल्यावर व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली गेलात की दिवाडीची बोट मिळते.

मडगावला जायचं तर शटल उत्तम. मात्र तिथलं कदंब स्थानक बाजारापासून लांब आहे, पुढे दुसरी बस धरावी लागते. हे उन्हात चालत जायचं म्हणाले, मी ऐकलं, आणि दोन दिवस पाय शेकत बसावं लागलं.

संध्याकाळी सातच्या आत घरी या. आठनंतर बस विरळ होतात आणि रविवारी दिवसाही कमी असतात. मुलीला निघताना आणि परतीच्या बसमध्ये बसल्यावर असे दोन फोन करा, मधे नको.

आणखी एक, कारण तुमच्या पत्रात सगळीकडे ‘आम्ही दोघं’ आहे. पणजीतल्या पाटो भागात, बसस्थानकापासून जवळच, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं. मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, बसायला शांत जागा. ज्या दिवशी गुडघा कुरकुरेल त्या दिवशी यजमानांना तिथे बसवा आणि तुम्ही खाडी ओलांडून ‘मळा’ नावाच्या जुन्या वस्तीत जा. पिवळ्या-निळ्या भिंती, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या. त्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, तुम्हाला झेपतील. तासाभराने ग्रंथालयाच्या दाराशी भेटा आणि पर्वरीची बस धरा.