खांद्याच्या काट्यांवर जाऊ नका, पाठीवरची चंद्रकोर पाहा

तुम्ही इथे टाकलेले किड्यांचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. एक जानेवारीतला, सोयाबीनच्या शेंगेवरचा: गडद तपकिरी, खांद्यांवर दोन टोकदार काटे. दुसरा जुलैत ब्राझीलच्या पाराना राज्यातल्या लोंद्रिना शहराजवळच पालापाचोळ्याखाली सापडलेला: तांबूस, खांदे जवळजवळ गोल. 'या दोन जाती आहेत का?' असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही एकच आहेत, युशिस्टस हेरॉस. ब्राझीलमध्ये याला पेर्सेवेझू माहों म्हणतात, म्हणजे तपकिरी ढेकूण; घरातला नव्हे, पिकाचा रस शोषणारा.

सुरुवातीला मीही काट्यांवरच विसंबायचो, आणि तिथेच फसायला होतं. पाराना राज्यात जुलैत हिवाळा असतो, आणि त्याच्या तोंडावर दिवस लहान होतात. त्या काळात पिल्लं वाढली तर प्रौढ झाल्यावर त्यांचे काटे आखूड, बोथट राहतात आणि रंग तांबूस येतो. असे किडे पाचोळ्याखाली सुप्तावस्थेत पडून राहतात. प्रौढ किडा पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे काट्यांचा आकार एकदा ठरला की ठरला. तुमचा जुलैचा किडा नेमका पाचोळ्यात मिळाला, हे या चित्रात चपखल बसतं.

मग बघायचं काय? पाठीच्या मधोमध, पंखांच्या बुडाशी जी मोठी त्रिकोणी ढाल असते, तिच्या टोकाशी पांढरट चंद्रकोर आहे का ते पाहा. नखाच्या मुळाशी दिसते तशी. तुमच्या दोन्ही फोटोंत ती स्पष्ट आहे, जुलैच्या फोटोत मातीचा कण बाजूला कल्पून पाहिलं की लगेच जाणवते. सोयाबीनच्या शेतात मी सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर ठेवतो.

इथे काहींनी डायसेरियस मेलाकँथस हा दुसरा ढेकूण सुचवलाय. त्यालाही खांद्याला काटे असतात, म्हणून शंका रास्त आहे. पण त्याचं डोकं पुढून दोन टोकांत चिरल्यासारखं दिसतं आणि जिवंतपणी पोट हिरवं असतं. तुमच्या किड्याचं डोकं तसं नाही. मात्र मेलेल्या किड्याचा हिरवा रंग उडतो, म्हणून पोटाचा रंग जिवंत किड्यावरच पाहावा.

दुसरं मत हॅलिओमॉर्फा हॅलिस या आशियातल्या ढेकणाचं होतं. तो दक्षिण अमेरिकेत चिलीत पोचलेला आहे, पण त्याच्या मिशांवर पांढरे पट्टे असतात आणि खांदे सपाट, बिनकाट्यांचे. इथे तसे पट्टे नाहीत.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो: काटेरी खांदे दिसले म्हणून लगेच चिरडू नका. पोडिसस निग्रिस्पायनस या शिकारी ढेकणालाही तसेच काटे असतात, आणि तो अळ्या खाऊन पिकाचं भलंच करतो. फरक सोंडेत आहे. रस शोषणाऱ्या ढेकणांची सोंड बारीक, डोक्याखाली चिकटून असते. शिकारी ढेकणाची जाड आणि पुढे वळवता येण्याजोगी. डोक्याचा बाजूने फोटो घेतला की ही शंका मिटते.

पिल्लांच्या बाबतीत मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. त्यांना पूर्ण पंख नसतात, पाच अवस्थांत रंगरूप बदलत जातं आणि ती चंद्रकोरही नसते. पिल्लू सापडलं तर बाटलीत शेंगेसकट ठेवून प्रौढ होऊ द्या, मग ओळखा.

पुढच्या वेळी तीन फोटो काढा: वरून, पोटाकडून आणि डोक्याचा बाजूने. काचेच्या छोट्या बाटलीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं की किडा शांत होतो, हाताला वासही लागत नाही. प्रौढाच्या वासाच्या ग्रंथी पायांच्या बुडाशी, खालच्या बाजूला असतात. पोटाच्या फोटोत त्यांची छिद्रंही दिसतील.

संग्रहालयात नोंद करायची असेल तर फोटो पुरणार नाही. युशिस्टसच्या जाती पुष्कळ आहेत, आणि नराच्या शेवटच्या खंडातलं जननांग तपासूनच तिथे नाव पक्कं करतात. जुलैचा नमुना अजून जपून ठेवला असेल, तर पोटाचं शेवटचं टोक जवळून टिपून इथेच टाका, नर आहे की मादी ते सांगता येईल.