तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

प्रश्न : ताई, माझं वय २४. माहेर कोरेगावकडचं, सासर पाटण तालुक्यात डोंगराच्या अंगाला. नववीत असल्यापासून मला फिट येतात. गोळ्या सुरू झाल्यापासून बऱ्याच कमी झाल्या, शेवटची येऊन सव्वा वर्ष झालं. लग्नाच्या वेळी घरच्यांनी हे सांगू दिलं नाही. मालकांना मी नंतर सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. सासू-सासऱ्यांना अजून माहीत नाही, म्हणून गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवते. आता मला नववा आठवडा चालू आहे. या गोळ्यांनी मूल व्यंगाचं होतं असं मैत्रीण म्हणाली, म्हणून बारा दिवसांपूर्वी बंद केल्या. उपकेंद्रात नाव घातलं तेव्हा सिस्टरनी विचारलं, ‘काही जुना आजार?’ शेजारी सासूबाई होत्या. मी नाही म्हणाले. कार्डावर तसंच लिहिलंय. आता काय करू?

उत्तर : पोरी, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे पत्र नव्हतं, म्हणून तुला त्याच दिवशी फोन केला. तुझ्या परवानगीनं गावाचं नाव काढून छापतेय, कारण अशा गोळ्या लपवणारी तू एकटी नाहीस.

फोनवर सांगितलं तेच आधी लिहिते. फिटची गोळी एकदम बंद करायची नाही. गोळी तुटली की फिट उसळून येते, कधी एकीला लागून दुसरी येते, आणि पोटुशी बाई पडली, तिचा श्वास अडकला, तर बाळाचाही प्राणवायू कमी पडतो. पण म्हणून डबा उघडून मनानंच सुरूही करायची नाही. काही गोळ्यांमध्ये खंड पडला तर पुन्हा थोड्या थोड्या वाढवत न्याव्या लागतात. ज्या डॉक्टरांच्या गोळ्या आहेत त्यांना लगेच गाठायचं आणि किती दिवस बंद आहेत ते खरं सांगायचं. तू तसं केलंस, मला फार बरं वाटलं.

मैत्रीण सगळंच चुकीचं बोलली नाही. व्हॅलप्रोएट नावाचं औषध गरोदरपणात खरंच त्रासाचं आहे. साधारणपणे शंभरातल्या दोन-तीन बाळांत जन्मतः मोठा दोष असतो, हे औषध चालू असेल तर तो आकडा दहाच्या आसपास जातो, आणि पुढे मुलाच्या शिकण्या-बोलण्यावरही परिणाम होऊ शकतो. पण फिटच्या सगळ्या गोळ्या तशा नाहीत. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम ही औषधं त्या मानानं पुष्कळ सुरक्षित मानली जातात. तुझ्या पाकिटावर कुठलं नाव आहे ते डॉक्टरांना दाखव, बदलायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. खरं तर हा विचार दिवस राहायच्या आधी व्हायला हवा. बाळाच्या मणक्याची नळी पाळी चुकल्यावर पंधरा दिवसांच्या आतच मिटते, तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. लग्न ठरलेल्या पोरींच्या आयांनो, हे वाचत असाल तर लेकीला आधी डॉक्टरांकडे न्या.

आता कार्डाचं. मी चौतीस वर्षं आरोग्य सेविका होते, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात डोंगरातच गेली. सुरुवातीच्या वर्षांत एका वीस वर्षांच्या पोरीचं नाव मी नोंदवलं, सासूच्या समोरच आजार विचारला, ती नाही म्हणाली, मी लिहिलं. आठव्या महिन्यात चुलीपुढे तिला फिट आली. जीपमधून दवाखान्यात नेलं. गरोदरपणात, जुना आजार माहीत नसताना फिट आली की डॉक्टर आधी बीपीची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारी फिट धरूनच उपचार करतात, करायलाच हवेत. पण हिचं बीपी बरोबर, लघवीत प्रथिनं नाहीत. रात्री उशिरा तिची आई माहेराहून आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट माझ्या हातात ठेवलं. लेकीनं दोन महिन्यांपूर्वी आणखी आणायला म्हणून दिलेलं ते पाकीट होतं. आई आणायची राहिली, लेक मागायची लाजली. बाई वाचली, बाळही वाचलं. पण ‘आजार : नाही’ हे माझ्याच अक्षरातलं कार्ड त्या रात्री मी कितीदा उलगडून पाहिलं! चूक त्या पोरीची नव्हती. विचारणारी मी होते आणि कोणासमोर विचारतेय याचं भान मला नव्हतं. त्यानंतर मी बरोबरच्या बायकांना ओसरीवर बसवायचे, वजनकाट्यावर फक्त पोरीला घ्यायचे आणि तिथं हळूच विचारायचे. वजनकाट्यावर किती जणींनी काय काय सांगितलं!

म्हणून तू उपकेंद्रात पुन्हा जा, एकटी किंवा मालकांना घेऊन. सिस्टरला म्हण, मागच्या वेळी सांगायचं राहिलं. ती रागावणार नाही, रागावली तर मला कळव. माता बाल संरक्षण कार्डावर आजाराचं नाव आणि गोळीचं नाव, डोस, सगळं लिहून घे. कार्डावर लाल स्टिकर लागेल. त्याला घाबरू नकोस. जोखमीची माता म्हणून तुझ्याकडे जास्त लक्ष जावं यासाठीच तो आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोफत तपासतात, २०१६ पासून हे चालू आहे. तू चुकवू नकोस. बाळंतपण मात्र उपकेंद्रात नको. कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय किंवा साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कुठं जायचं ते सातव्या महिन्याच्या आत डॉक्टरांशी बोलून ठरव. पावसाळ्यात तुमच्याकडचा रस्ता कसा असतो ते मला माहीत आहे, तारीख जुलै-ऑगस्टात येत असेल तर आधीच खाली येऊन राहा. न्यायला-आणायला १०२ ची गाडी मिळते, तिचे पैसे नसतात.

तपासण्यांत तुझ्यासाठी वेगळं थोडंच आहे. सगळ्यांना मिळते त्यापेक्षा फोलिक ॲसिडची मोठी गोळी, ५ मिलिग्रॅमची, तुला लागते का ते याच आठवड्यात विचार. अठरा ते वीस आठवड्यांची मोठी सोनोग्राफी टाळायची नाही, त्यात बाळाचा मणका, हृदय, ओठ नीट पाहतात. पोट वाढत जातं तसं काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण उतरतं, लॅमोट्रिजिनचं तर बरंच, म्हणून डोस वाढवायला सांगितला तर आजार वाढला असं समजू नकोस. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हे आधीच विचारून ठेव. फिटचा आजार आहे एवढ्यावरून सिझर करावं लागत नाही. आणि बहुतेक गोळ्या चालू असतानाही बाळाला अंगावर पाजता येतं.

घरात मात्र जपायचं. न्हाणीच्या दाराला आतून कडी घालायची नाही. विहिरीवर, ओढ्यावर एकटीनं धुणं नको. चुलीजवळ कोणीतरी असावं. रात्रीची झोप मोडू द्यायची नाही, जागरणानं फिट येते. बाळ झाल्यावरही जमिनीवर, भिंतीला टेकून बसूनच पाजायचं आणि बाळाला एकटीनं अंघोळ घालायची नाही.

राहिल्या सासूबाई. तुला भीती आहे की कळलं तर माहेरी धाडतील. मिरगी असेल तर लग्नाला बाधा, अशी अट हिंदू विवाह कायद्यात पूर्वी होती. १९९९ मध्ये ती काढून टाकली. हे मालकांना माहीत असू दे. पण कायदा पुढं करून बोलणं सुरू करू नका. सांगायचं ते मालकांनी सांगावं, तू नको, आणि सिस्टरच्या किंवा आशाताईच्या समोर सांगावं. सासूबाईंना एक काम नेमून द्यावं. फिट आलीच तर कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली दुमडलेला पदर सरकवायचा, डाव्या कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, की १०८ ला फोन. पोटुशी असताना फिट लगेच थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना दाखवायचाच.

डॉक्टरांची नवी चिठ्ठी मिळाली की तिच्या दोन झेरॉक्स काढ. एक कार्डाला टाच, एक मालकांच्या पाकिटात राहू दे. आणि गोळ्या डब्यातून काढून देवळीत ठेव, रोज दिसतील अशा.