कोर्टात ‘गिल्टी’ म्हणण्याआधी

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एफ-१ व्हिसावर एमएस करतो. सेल्फ-चेकआउटवर 140 डॉलरचं सामान स्कॅन न करता बाहेर आणताना पकडला गेला. म्युनिसिपल कोर्टात ‘कंडिशनल डिसमिसल’ मिळेल म्हणतात : गुन्हा कबूल करायचा, वर्षभर नीट राहायचं, मग केस रद्द. घ्यावं का? – पालक, पुणे

उत्तर : इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात नको. अमेरिकी नागरिकासाठी ही सवलत उत्तम आहे. तुमच्या मुलासाठी तो सापळा ठरू शकतो. 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार इमिग्रेशनच्या दृष्टीने दोषसिद्धीला दोनच गोष्टी लागतात : आरोपीने दिलेली कबुली, आणि न्यायाधीशाने लावलेली शिक्षा, दंड किंवा कसलंही बंधन. कंडिशनल डिसमिसलमध्ये कबुली आधी घेतात आणि वर्षभराची देखरेख मागाहून येते. वर्षाअखेर राज्याच्या दप्तरी केस रद्द होते, पण इमिग्रेशन खातं त्या कबुलीवरच बोट ठेवतं. पुढे रेकॉर्ड एक्सपंज केलं, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने पुसून घेतलं, तरी फरक पडत नाही.

आता रकमेचं बघा. न्यू जर्सीत 200 डॉलरच्या आतल्या शॉपलिफ्टिंगला कमाल सहा महिने कैद आहे. 200 ते 500 मध्ये कमाल 18 महिने. चोरी हा ‘नैतिक अधःपतनाचा’ गुन्हा धरतात. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा घडला आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर एकच गुन्हा डिपोर्ट करायला पुरतो. प्रत्यक्षात नुसता दंड झाला असला तरी हेच. म्हणून तक्रारीतला आकडा पावतीशी आणि वस्तूंच्या यादीशी ताडून घ्या. एखादी वस्तू दोनदा मोजली गेली तर 140 चे 210 व्हायला वेळ लागत नाही. 140 च राहिले तर या एका गुन्ह्यावर डिपोर्टेशन होत नाही. पण वेगळ्या प्रसंगी दुसरी चोरी झाली, तर मग पाच वर्षांची मर्यादा उरत नाही.

मागायचं काय? कबुली न देता केस निघावी, किंवा जिच्या शब्दांत चोरीचा घटक नाही अशा नगरपालिकेच्या एखाद्या नियमभंगावर ती मिटावी. तक्रारीची प्रत, आय-९४ (प्रवेशाची नोंद), आय-२० (कॉलेजने दिलेलं प्रमाणपत्र) आणि पासपोर्टवरच्या प्रवेशाच्या तारखा घेऊन इमिग्रेशन वकिलाकडे जा आणि सल्ला लेखी घ्या. तो कागद फौजदारी वकिलाच्या हातात पडेपर्यंत तारीख मागून घ्यावी.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. केस संपली की कोर्टाकडून निकालाच्या तीन-चार प्रमाणित प्रती घ्या, आणि एक्सपंज करण्याआधीच घ्या. नंतर त्या मिळवणं जिकिरीचं होतं. डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या अर्जात, अटकेबद्दलही विचारतात. तिथे ‘नाही’ लिहिणं चोरीपेक्षा महाग पडू शकतं, कारण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिली तर प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो.

प्रश्न : ग्रीन कार्डला 19 वर्षं झाली. चोरीच्या आरोपात एक वर्षाची शिक्षा, पण सगळी सस्पेंडेड (स्थगित), असा सौदा समोर आहे. तुरुंगात जावंच लागणार नाही, मग सही करायला काय हरकत? – वाचक, अटलांटा

उत्तर : सही करू नका. इमिग्रेशन कायदा सस्पेंडेड शिक्षा पूर्ण मोजतो. चोरीला एक वर्षाची शिक्षा झाली की ती ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ (इमिग्रेशन कायद्याने गंभीर ठरवलेला गुन्हा) होते, आणि इतक्या वर्षांच्या वास्तव्यावर डिपोर्टेशनपासून जी माफी मागता आली असती तिचा दरवाजाही बंद होतो. इथे 365 आणि 364 दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वकिलाला सांगा, शिक्षा 364 दिवस किंवा कमी लिहून घ्या, प्रोबेशन (तुरुंगाबाहेरची देखरेख) हवं तर वाढू दे. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कने मिस्डमिनरची (किरकोळ गुन्ह्याची) कमाल शिक्षाच 364 दिवसांवर आणली, ती याच भानगडीपायी. कबुली आधीच दिली असेल तर गणपतीला घरी यायचं तिकीट काढू नका, कार्डाचं नूतनीकरण किंवा नागरिकत्वाचा अर्जही सल्ल्याशिवाय भरू नका. परतताना विमानतळावरच अडवलं जाऊ शकतं.

प्रश्न : वकिलाने डिपोर्टेशनबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. 2015 ची कबुली मागे घेता येईल? – वाचक, डॅलस

उत्तर : प्रयत्न करता येतो. 2010 च्या पॅडिला विरुद्ध केंटकी या निकालाने कबुलीमुळे डिपोर्टेशन होऊ शकतं का याचा सल्ला देणं फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य ठरलं. त्याआधी अंतिम झालेल्या शिक्षांना मात्र तो लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं. तुमची कबुली नंतरची आहे. नुसती वकिलाची चूक दाखवून भागत नाही. कल्पना असती तर आपण कबुली दिलीच नसती, हे त्या वेळच्या पुराव्यानिशी दाखवावं लागतं : ईमेल, कुटुंब, नोकरी, घराचं कर्ज. आणि कोर्टाने कबुली रद्द करताना मूळ कायदेशीर दोष आदेशात लिहायला हवा. ‘इमिग्रेशनची अडचण होते म्हणून’ रद्द केलेली कबुली इमिग्रेशन कोर्ट जिवंतच धरतं. अर्जाच्या मुदती राज्यागणिक वेगळ्या आहेत, तेव्हा पहिला फोन याच आठवड्यात करा.